गरोदरपणातलं बीपी: धोका वेळेत कसा ओळखायचा आणि सासर-माहेरच्या वाटेत ती माहिती हरवू कशी द्यायची नाही

सीमाभागात पहिलटकरणीचं बाळंतपण बहुधा माहेरीच होतं. सासर खानापूर तालुक्यात असेल तर माहेर चंदगडला, सासर निपाणीत असेल तर माहेर कागल किंवा गडहिंग्लजकडं. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती निघते. गरोदरपणातलं बीपी वाढतं तेही याच सुमाराला: पाचव्या महिन्यानंतर कधीही, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. जिथं तिची पहिल्यापासून तपासणी झाली तो दवाखाना कर्नाटकात मागं राहतो आणि बीपी चढतं तेव्हा समोर असलेला डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघत असतो. तिसऱ्या महिन्यात तिचं बीपी किती होतं, तिच्या आईला बाळंतपणात झटके आले होते का, लहानपणी तिला किडनीचा आजार होता का, यातलं काहीही त्याच्यापुढं नसतं.

आणि हीच माहिती सगळ्यात मोलाची असते. बीपीचं मशीन धोका दाखवतं तोवर बराच उशीर झालेला असतो. धोका कुणाला आहे हे बाईच्या आणि तिच्या घराच्या पूर्वीच्या गोष्टींवरून खूप आधी कळतं. ते कसं ओळखायचं, कधी ओळखायचं आणि ओळखल्यावर काय मागायचं, हे इथं क्रमानं लिहितो आहे. एक कोरा कागद आणि पेन जवळ घेऊन वाचा. वाचता वाचता तो भरायचा आहे.

बीपी वाढलं असं कधी म्हणायचं

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त, आणि निदान चार तासांच्या अंतरानं दोनदा तसंच आलं, तर बीपी वाढलं. दोन्ही आकडे वाढायला हवेत असं नाही, एकच पुरे. १६० किंवा ११० गाठलं तर चार तास थांबायचं नसतं. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून लगेच उपचार सुरू करायचे असतात.

वीस आठवड्यांच्या आधीपासून असेल तर ते जुनं बीपी. नंतर वाढलं आणि बाकी सगळं ठीक असेल तर गरोदरपणामुळं आलेलं. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा किडनी, लिव्हर, प्लेटलेट, डोळे, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागला, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके आले की एक्लॅम्प्सिया. शंभर गरोदर बायकांत साधारण दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो.

त्याचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पसरट, मोकळ्या व्हाव्या लागतात. काही जणींत त्या पुरेशा मोकळ्या होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि मग ती आईच्या रक्तात असे घटक सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, गळू लागतात. ही बिघाडाची सुरुवात पहिल्या चार-साडेचार महिन्यांत होऊन गेलेली असते. आकडा मात्र सातव्या-आठव्या महिन्यात चढतो. प्रतिबंधाची गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू करावी असं सांगतात त्याचं कारण हेच.

घरात बीपी निघालं की सुनेला पहिलं वाक्य ऐकावं लागतं, "टेन्शन घेतेस म्हणून झालं." हे बोलणं थांबवा. ती फार विचार करते म्हणून वार नीट रुजली नाही, असं होत नाही.

पहिली पायरी: तिसरा महिना संपायच्या आत एकदा तरी बीपी मोजा

पाळी चुकल्याचं लक्षात आलं की आशाताईला सांगा आणि बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करून घ्या. आपल्याकडं तीन महिने पुरे होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही अशी रीत अजून पुष्कळ घरांत पाळतात. नातेवाइकांना सांगू नका हवं तर, पण आशाताईपासून लपवू नका.

यामागं शरीराचं एक कारण आहे. गरोदरपणाच्या मधल्या काळात, चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास, बीपी आपोआप खाली येतं. एखादीला आधीपासून बीपी असेल आणि ती पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेली, तर आकडा १२०/८० दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. आठव्या महिन्यात तेच बीपी वर येतं तेव्हा जुनं की नवं हे कुणालाच सांगता येत नाही आणि उपचारांची दिशा त्यावरच ठरायची असते. कागदाच्या पहिल्या ओळीवर म्हणूनच पहिलं बीपी, त्याची तारीख आणि तेव्हा किती आठवडे होते ते लिहा. शेजारी उंची आणि वजनही लिहा.

मुलगी अठराच्या आतली असली की घरचे केस होईल या भीतीनं नोंदणीच टाळतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला झटक्यांचा धोका मोठ्या बाईपेक्षा जास्त असतो. तिला तर तपासणीची गरज सगळ्यांत जास्त. लपवल्यानं तिचाच जीव टांगणीला लागतो.

दुसरी पायरी: घरातल्यांना विचारायचे प्रश्न

दवाखान्यात विचारतात, "आधी प्रीएक्लॅम्प्सिया होता का?" बाई "नाही" म्हणते, कारण तो शब्द तिनं कधी ऐकलेलाच नसतो. प्रश्न घरच्या भाषेत विचारायला हवा.

आधी एखादं बाळंतपण झालं असेल तर असं विचारा. कळा यायच्या आधीच, दिवस भरायच्या आधीच घाईनं सिझर केलं होतं का? बीपीची गोळी चालू होती का? "झटके येऊ नयेत" म्हणून कमरेत किंवा शिरेतून इंजेक्शन दिलं होतं का? बाळ दीड-दोन किलोचंच होतं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का? बाळ सातव्या-आठव्या महिन्यात पोटातच गेलं का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर जुने कागद शोधा, नाही मिळाले तर त्या दवाखान्यात जाऊन डिस्चार्जचा कागद पुन्हा मागा. मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असेल तर या खेपेला तो होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात-आठ पट असते. दुसरा कुठलाही मुद्दा इतका वजनदार नाही.

मग स्वतःचे आजार. गरोदरपणाआधी कुणी बीपी आहे असं म्हटलं होतं का? असेल तर धोका साधारण पाच पट. आधीपासून शुगर आहे का? साडेतीन पट. लहानपणी तोंडावर, डोळ्यांखाली सूज येऊन महिनोन्‌महिने गोळ्या चालल्या होत्या का, म्हणजे किडनीचा आजार होता का? सांधे सुजणं, तोंडावर चट्टे, ल्युपस असं काही निदान झालंय का? लागोपाठ पोट पडलंय का, किंवा मोठं झालेलं बाळ कारण न कळता गेलंय का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर रक्त गोठण्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड तपासणी करावी का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सोनोग्राफीत जुळं दिसलं तर धोका तिप्पट. जुळ्याची बातमी आनंदाची असते आणि त्या आनंदात हे सांगायचं राहून जातं.

एवढे झाले भारी मुद्दे. यातला एक जरी असला तरी बाई जास्त धोक्याच्या गटात.

आता मध्यम मुद्दे, ज्यातले दोन एकत्र आले की तितकीच काळजी घ्यायची. पहिलं बाळंतपण. वय पस्तीस किंवा जास्त. दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर. टेस्ट ट्यूबच्या उपचारानं राहिलेलं गरोदरपण. आधीचं मूल कमी वजनाचं. दुसरं लग्न असेल तर नव्या नवऱ्यापासूनचं पहिलं मूलही पहिल्या खेपेसारखंच धरायचं. आणि वजन: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. उत्तर तीसच्या वर आलं तर हा मुद्दा लागू. उंची १५० सेंटिमीटर असेल तर साडेसदुसष्ट किलोला हा आकडा तीस होतो. वजन गरोदरपणाआधीचं किंवा पहिल्या तपासणीचं धरा, आठव्या महिन्यातलं नव्हे.

राहिला घराण्याचा मुद्दा, तोही मध्यमच. आई किंवा सख्खी बहीण यांना हा त्रास झाला असेल तर धोका जवळजवळ तिप्पट. पण आईला "पाय सुजले होते का" असं विचारू नका, ते सगळ्यांचेच सुजतात. "बीपी वाढलं म्हणून ठेवून घेतलं होतं का, झटके आले होते का" असं विचारा. आणि हाच प्रश्न सासूबाईंनाही विचारा. नवरा त्याच्या आईच्या पोटात असताना तिला हा त्रास झाला असेल तर त्याचाही थोडा वाटा पुढच्या पिढीत येतो, कारण वार आईच्या एकटीच्या गुणसूत्रांवर बनत नाही, बापाचीही असतात. आपल्याकडं सगळा दोष सुनेच्या माहेरावर ढकलायची सवय आहे. शास्त्र तसं म्हणत नाही.

त्या काळी बीपी मोजलेलंच नसायचं. म्हणून "बाळंतपणात तिला बाहेरचं लागलं होतं, हातपाय वाकडे करत होती" अशी एखाद्या आत्याची, मावशीची आठवण निघाली तर तीही कागदावर उतरवा. खानापूरच्या जंगलपट्टीत आणि चंदगडच्या वाड्यांवर अशा आठवणी पुष्कळ घरांत आहेत. आई-बहिणीबद्दल असेल तर ती आठवण म्हणजे बहुधा एक्लॅम्प्सियाचीच नोंद आहे.

याशिवाय या गरोदरपणात नव्यानं निघणाऱ्या दोन गोष्टी वाढीव धोका दाखवतात: गरोदरपणातली शुगर आणि लघवीचा वारंवार होणारा संसर्ग. आणि एक विचित्र प्रकार: पाचवा महिना लागायच्या आधीच बीपी चढलं, उलट्या अतोनात झाल्या, तर द्राक्षगर्भ, म्हणजे वारेचीच द्राक्षांच्या घडासारखी वाढ, आहे का हे सोनोग्राफीत बघावं लागतं.

तिसरी पायरी: चालू असलेली औषधं आणि सवयी

तिशी-पस्तिशीतल्या बऱ्याच बायकांना आता आधीपासून बीपीची गोळी असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही नावं गोळीच्या पट्टीवर असतील तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना भेटा, आणि दिवस राहिलेच असतील तर त्याच आठवड्यात भेटा. या गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा करतात. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा गोळ्या देतात. स्वतःहून गोळी बंद करून बसणंही तितकंच वाईट. बदलून घ्यायची असते.

खोकल्यावर जेष्ठमधाचा काढा घरोघरी करतात. जेष्ठमधानं बीपी वाढतं. गरोदरपणात तो नको.

मिशरीचं बोलायलाच हवं. निपाणी भागात तंबाखू हा रोजगार आहे आणि बऱ्याच बायकांच्या दिवसाची सुरुवात मिशरीनं होते. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, बाळाचं वजन घटतं, बाळंतपण लवकर होण्याची भीती वाढते. मोजायच्या आधी अर्ध्या तासात मिशरी लावली असेल तर आकडाही खरा येत नाही. विडी वळणाऱ्या बाईला "सोड" म्हणणं सोपं असतं, तिच्या घरात तंबाखूची पाटी चोवीस तास उघडी असते. निदान ती पाटी झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांनीच तोंडातली तंबाखू थांबवा. एकटीनं थांबवणं फार अवघड जातं.

मिठाबद्दल घरोघरी गैरसमज आहे. बीपीच्या भीतीनं गरोदर बाईला अळणी जेवण देऊन प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही त्यासाठी मीठ तोडायला सांगत नाही. लोणचं, पापड, सांडगी मिरची बेतानं, बाकी नेहमीसारखं चवीचं जेवण. दिवसभर अंथरुणावर पडून राहण्यानंही तो टळत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, भाजी खाणाऱ्या बाईला अळणी पेज देऊन अशक्त करू नका.

चौथी पायरी: बारा ते सोळा आठवड्यांत मागायच्या दोन गोष्टी

सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथं आहे.

भरलेला कागद घेऊन डॉक्टरांकडं जा आणि विचारा, "मला अ‍ॅस्पिरिनची कमी डोसाची गोळी लागेल का?" भारी मुद्दा एक, किंवा मध्यम मुद्दे दोन असतील तर हा प्रश्न विचारायलाच हवा. ही तीच साधी, स्वस्त गोळी जी हृदयाच्या रुग्णांना देतात. ७५ किंवा १५० मिलिग्रॅम, रात्री झोपताना. बारा आठवड्यांनंतर आणि शक्यतो सोळाच्या आत सुरू करतात आणि साधारण छत्तीस आठवड्यांपर्यंत चालते, पुढं डॉक्टर सांगतील तसं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर दिवस भरायच्या आधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला.

आपल्या भागाचाही यात वाटा आहे. पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊन बघणारी सहा देशांतली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास बारा हजार बायका होत्या आणि बेळगावच्या केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यातलं एक केंद्र होतं. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याच खेड्यांतल्या बायकांनी सिद्ध करून दिलेली गोष्ट आपल्याच बायकांना मागावी लागते, हे मला फार लागतं.

गोळी स्वतःहून मात्र सुरू करू नका. अल्सर, रक्तस्रावाचा त्रास, अ‍ॅस्पिरिननं दमा उठणं किंवा अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही. आणि "रक्त पातळ होतं" म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून मध्येच बंदही करू नका.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. चौदा आठवड्यांपासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जिथं जेवणात कॅल्शियम कमी असतं तिथं या गोळीनं प्रीएक्लॅम्प्सिया खरोखर कमी होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्याचा एक भाग बंगळूरला झाला, रोज ५०० मिलिग्रॅमनंही १५०० इतकंच काम होतं असं दिसलं. म्हणून दिवसाची एक गोळी चुकली तर सगळीच सोडून देऊ नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा; एकत्र घेतली तर लोह अंगी लागत नाही. खानापूर-चंदगड पट्ट्यात नाचणी पिकतेच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबील रोज प्या, पण गोळीच्या जागी नव्हे.

मोठ्या दवाखान्यात अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, करून धोका आणखी नेमका काढता येतो. परवडत असेल तर चांगलंच. कागदावर मुद्दे स्पष्ट असतील तर त्याच्यावाचून गोळी अडायला नको.

पाचवी पायरी: बीपी नीट मोजून घ्या, आणि वारंवार

वडापमधून उतरून, ऊन्हातून चालत येऊन, रांगेत उभं राहून लगेच मोजलेलं बीपी खरं नसतं. लघवी करून या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, पोलक्याची घट्ट बाही वर सारून नको. मोजताना बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यानं आकडा उगाच जास्त येतो. पहिला आकडा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. आकडा मोठ्यानं सांगायला लावा. नव्या सुनेला कन्नड येत नसेल तर एवढं पाठ करून ठेवावं: "बीपी एष्ट ऐति?" "नॉर्मल" या उत्तरावर समाधान मानू नका, आकडा घ्या आणि कागदावर तारखेसकट लिहा. ११०/७० वरून १३६/८८ वर गेलेली बाई अजून "नॉर्मल"च असते, पण तिला पुढच्याच आठवड्यात पुन्हा मोजायला हवं.

सरकारी हिशेबात निदान चार तपासण्या. जागतिक आरोग्य संघटना आठ सांगते: बारा, वीस, सव्वीस, तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस आणि चाळीस आठवडे. धोक्याच्या गटातल्या बाईनं आठपेक्षा कमी करूच नयेत, आणि मधल्या आठवड्यांत आशाताईकडं किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडं मोजून घ्यावं. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशा आणि नर्सना घरोघरी बीपी मोजायला शिकवून एक मोठा प्रयोग झाला होता. भारतातल्या एकूण निकालात फरक दिसला नाही, पण हाच प्रयोग झालेल्या तीन देशांचा एकत्र हिशेब केल्यावर ज्यांना आठ किंवा जास्त भेटी मिळाल्या त्यांची बाळं जास्त वाचलेली दिसली. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्या घरांत नेमक्या याच भेटी बुडतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. कागद घेऊन त्या दिवशी जा आणि बीपी, लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन, शुगर हे चारही करून घ्या.

सहावी पायरी: माहेरी जाण्याआधी

कर्नाटकातलं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, बहुतेक कन्नडमध्ये भरलेलं असतं. चंदगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला त्यातले आकडे वाचता येतील, शेरे येणार नाहीत. तुमचा कागद इथं उपयोगी पडतो. तो असा दिसावा:

"वय ३६. दुसरी खेप, पहिलं मूल ११ वर्षांचं. पहिल्या वेळी साडेआठव्या महिन्यात बीपीमुळं सिझर, बाळ १ किलो ९००. आईला झटके आल्याची आठवण. १० आठवड्यांना बीपी ११८/७६, वजन ६४, उंची १५३. अ‍ॅस्पिरिन १५० रात्री, १३ आठवड्यांपासून. कॅल्शियम दोन. २० आठवडे ११२/७०, २६ आठवडे १२४/८०. दम्याचा त्रास नाही. रक्तगट बी पॉझिटिव्ह."

एवढंच. खाली नोंदणीचा आरसीएच नंबर, सासरच्या आशाताईचा आणि नवऱ्याचा फोन. कागदाचा, तायी कार्डाच्या प्रत्येक पानाचा आणि सोनोग्राफीचा फोटो नवरा, आई आणि ती, तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आशाताईला भेटून नाव घालून घ्या. डोहाळजेवणाची तारीख तपासणीच्या तारखेवर आली तर डोहाळजेवण पुढं ढकला.

धोक्याच्या गटातल्या बाईचं बाळंतपण कुठं, हे आधीच ठरवा. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जिथं आहे तिथंच. बेळगावात सिव्हिल म्हणजे बीम्सचं हॉस्पिटल आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल, पलीकडं कोल्हापूरचं सीपीआर. चंदगडच्या बाईला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ आहे. राज्य बदलतं म्हणून लांबच्या वाटेला लागू नका. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचे आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांचे रस्ते बंद पडतात. तिथल्या बाईला शेवटच्या महिन्यात आधीच गावाबाहेर, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं हलवा.

सातवी पायरी: ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका

पॅरासिटामॉलनंही न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढं अंधारी, काजवे, धूसर दिसणं. छातीच्या खाली, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखणं. याला घरचे "पित्त झालंय" म्हणतात आणि ओवा देतात. उतरत्या महिन्यांत अचानक उलट्या. धाप. लघवी कमी होणं. सकाळी उठल्यावर तोंड आणि हात सुजलेले, अंगठी घट्ट. आठवड्यात एक-दोन किलो वजन वाढणं. बाळाची हालचाल कमी होणं. संध्याकाळी पायावर येणारी थोडी सूज या यादीत नाही, आणि अजिबात सूज नसतानाही प्रीएक्लॅम्प्सिया होतो.

झटके आले तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागण्यासारखं काढा, किती वेळ चालले ते घड्याळात बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. अंगारा लावायचा असेल तर गाडीत बसल्यावर लावा, त्यासाठी गाडी थांबवू नका. १०८ दोन्ही राज्यांत आहे, पण सीमेवर मोबाइल कधी अलीकडचा तर कधी पलीकडचा टॉवर धरतो. म्हणून फोन लागताच गाव, तालुका आणि राज्य आधी सांगा. वाटेतल्या आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस मिळत असेल तर तो घेऊनच पुढं निघा. हे औषध झटक्यांची शक्यता निम्म्याहून कमी करतं, आणि मोठ्या दवाखान्यापर्यंतचा तास-दीड तास त्यावाचून काढणं धोक्याचं असतं.

आठवी पायरी: बाळ झालं म्हणजे बीपी संपलं, असं नाही

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, नेमकं घरी आल्यावर. बाळंतिणीचं डोकं दुखतं तेव्हा "वारं लागलं, कान बांध" असं सांगतात, झटके आले तर "बाळंतवात" म्हणतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत झटके येऊ शकतात. ज्यांना बीपी होतं त्यांचं पहिल्या तीन दिवसांत, मग सातव्या ते दहाव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात मोजायलाच हवं. पाचवीच्या दिवशी घरात इतकी माणसं असतात, त्यातल्या कुणीतरी सिस्टरला बोलवावं. रक्तस्राव थांबवण्यासाठी मेथिलएर्गोमेट्रिन नावाचं इंजेक्शन किंवा गोळी देतात, ती बीपीवाल्या बाईला चालत नाही; नव्या दवाखान्यात बाळंतपण होत असेल तर बीपीची गोष्ट म्हणूनच दाराशीच सांगा. बीपीच्या बऱ्याच गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं, पाजणं थांबवू नका.

बारा आठवड्यांनंतरही बीपी उतरलं नाही तर ते जुनं बीपी धरून उपचार चालू ठेवायचे. उतरलं तरी वर्षातून एकदा मोजायचं, कारण हा त्रास झालेल्या बाईला पुढं हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. पुढच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया परत होण्याची शक्यता सहांत एक. तेव्हा कागद फाडू नका. पुढच्या वेळी तोच घेऊन बाराव्या आठवड्यात जायचं आहे. आणि धाकट्या बहिणीला दिवस राहिले की तिच्या कागदावर "बहिणीला प्रीएक्लॅम्प्सिया" ही ओळ लिहायला लावा. ती पहिलटकरीण असेल तर तिथंच तिचे दोन मुद्दे भरले, आणि अ‍ॅस्पिरिनबद्दल तिनंही सोळा आठवड्यांच्या आत विचारायला हवं.